खाऱ्या वाऱ्यातली जुनी चाकं

सायकलच्या रिमवरचा गंज कसा काढावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक घाटावरचे, कोरड्या हवेतले. ‘घासा, पुसा, तेल लावा, झालं.’ मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हे सगळं नीट केलं तरी आठवडाभरात तांबूस ठिपके पुन्हा हजर होतात. इथे गंज काढणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मीठ काढणं, आणि ते कोणी सांगत नाही. २०२३ च्या दसऱ्याला मी सुरुवात केली, शिमग्याच्या सुमारास सायकल रस्त्यावर आली, आणि त्यानंतरचा अख्खा पावसाळा तिने काढल्यावरच लिहायला बसलोय. मे महिन्यातली चकाकी बघून कोणी फसू नये.

सायकल शेजारच्या काकूंची. म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांची. ते मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी तिथे घेतलेली इंग्लंडची रॅले, बोटीने मालवण बंदरात उतरवलेली. अठ्ठावीस इंची चाकं, रॉड ब्रेक, म्हणजे तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे, आणि मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा भाग. हबवरची घाण चिंधीने पुसली तेव्हा ‘एडब्ल्यू’ ही अक्षरं आणि खाली ५४ ११ असे आकडे दिसले. म्हणजे नोव्हेंबर १९५४. या हबवर बनवल्याचं वर्ष आणि महिना ठोकलेला असतो, त्यामुळे चाक बदललेलं नसेल तर सायकलचं वय कळायला पावती लागत नाही. हँडलच्या दांडीला नगरपालिकेचा पितळी बिल्लाही होता. सायकलवर कर भरून बिल्ला लावायचे त्या काळातला. तो मात्र जराही गंजलेला नव्हता, पितळच ते.

काकूंनी ठाण्याला मुलाला फोन करून विचारलं, त्याने ‘भंगारात घालण्यापेक्षा बरं’ म्हटलं, आणि सायकल सामान ठेवायच्या मांगरातून बाहेर आली. काकूंची अट एकच होती: नव्यासारखी नाही झाली तरी चालेल, पण विकायची नाही.

चाकं जवळून बघितली तर गंज तीन प्रकारचा होता. रिमच्या बाहेरच्या अंगाला बारीक ठिपके, वर अजून चमकणारं निकल. बाजारात सगळे निकलच म्हणतात. खरं तर वरचा थर क्रोमचा आणि त्याखाली निकल. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा, त्यात डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. निकलच्या थरातही एखादं छिद्र राहिलं की खारं पाणी थेट लोखंडापर्यंत पोचतं, आणि मग वरचं निकल शाबूत राहून खालचं लोखंड त्या एका टिंबाशी खोल खाल्लं जातं. म्हणून ठिपका टाचणीच्या टोकाएवढा आणि त्याखालचा खड्डा त्याहून मोठा. दुसरा प्रकार स्पोकच्या भोकांभोवतीचा. निप्पल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारी छोटी टोपी, आणि रिम यांच्या फटीत पाणी थांबतं, तिथे गंज फुगून पापुद्रे सुटले होते. तिसरा आतला, टायरखालचा. टायर काढलं तेव्हा ट्यूब रिमला चिकटून बसली होती आणि खाली गंजाची अक्षरशः पूड होती, मूठभर.

रॉड ब्रेकच्या रिमची घडण वेगळी असते. तिला वेस्टवूड म्हणतात. मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना गोलाई. ब्रेकचे गुटके बाजूने चावत नाहीत, हबकडच्या बाजूने वर ओढले जाऊन त्या गोलाईवर घासतात. म्हणजे आपल्याला वरून सहज दिसत नाही तोच भाग ब्रेकचा, आणि तोच आधी बघायला हवा.

दोन्ही चाकं घेऊन बाजारातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी काही विचारलंच नाही. बल्ब लावलेली वायर रिमच्या आत फिरवली आणि बाहेरून भोकांकडे बघत राहिले. मग टोच्या घेतला. पुढची रिम पूर्ण टोचून झाली, आवाज एकसारखा टणटण. मागच्या रिमला व्हॉल्वच्या भोकाजवळ टोच्याने हलकंच दाबलं आणि टोक आरपार गेलं. शेजारच्या स्पोकच्या भोकाशी तेच.

“ह्येका गंज नाय खाल्ल्यान, मिठान खाल्ल्यान,” मिस्त्री म्हणाले. “ह्या रिमार माणूस बसयलंस तर माणूस खाली येतलो. फुडचा चलात.”

हे पाचेक मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात आधी करावं. ॲसिडमध्ये घालून, घासून, चकचकीत करून मग रिम कुजकी निघाली तर काय उपयोग. टोच्या नसेल तर जुना स्क्रू ड्रायव्हर चालतो. प्रत्येक स्पोकच्या भोकाशी आणि रिमच्या सांध्याशी दाबून बघायचं. दबलं, कुरकुरलं, की ती रिम भिंतीवर टांगायची.

मागच्या रिमचं पुढे सांगतो. आधी पुढची.

चाक न खोलता गंज काढता येतो, बरेच जण तसंच करतात. पण निप्पलखालचा आणि टायरखालचा गंज तसा निघत नाही, आणि हबमध्ये ॲसिड शिरलं तर छर्रे आणि कोन कामातून जातात. म्हणून खोललं. प्रत्येक निप्पलच्या मुळाशी डिझेलचा थेंब, दोन रात्री तसंच ठेवलं. रेशनवरचं घासलेट आता कुठे मिळतंय, नाहीतर तेच बरं. मग स्पोकच्या चावीने सगळे निप्पल अर्धा-अर्धा फेर सैल करत चाकाभोवती फिरायचं. एका बाजूचे स्पोक एकदम सोडले किंवा ताणलेले असताना कापले तर रिम पिळवटते. जे निप्पल हललेच नाहीत तिथले स्पोक, बाकीचे पूर्ण ढिले झाल्यावर, पक्कडीने तोडले. खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुन्या इंग्रजी सायकलींत पुढे बत्तीस आणि मागे चाळीस स्पोक असतात; आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींनीही तीच पद्धत उचलली. हा आकडा लक्षात असू द्या.

आता ॲसिड. पण त्याआधी आपल्या घरगुती उपायांचं. कोकणात पितळी समई आमसुलाने घासतात, त्यामुळे भेटेल तो ‘आगळ लाव’ म्हणतो, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आगळ आंबट असतं, गंज उचलतंही. पण त्यात मीठ असतं, आणि आमसुलंही मिठाचीच. ज्या मिठाने रिम खाल्ली तेच पुन्हा चोळायचं का? मीठ न लावलेली चिंच चालेल. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, त्याहून बरं, दोन्हींत मीठ नाही. घंटी आणि ब्रेकच्या दांड्या मी लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात भिजवून साफ केल्या. संडास धुवायचं ॲसिड मात्र रिमच्या आसपासही आणू नका. ते हायड्रोक्लोरिक. गंजाबरोबर लोखंडही खातं, मागे क्लोराइड, म्हणजे मिठातलाच गंजवणारा भाग, ठेवतं, आणि त्याच्या नुसत्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात.

रिमसाठी ऑक्झॅलिक घेतलं. पांढरे स्फटिक, फरशीवरचे गंजाचे डाग काढायला वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात पुडा मागितला तर दुकानदाराने आधार कार्ड मागितलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश झाल्यापासून ॲसिड विकताना ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवंय ते विचारायचं आणि वहीत नोंद ठेवायची असा नियम आहे, अठरा वर्षांखालच्यांना तर देतच नाहीत. वहीत नाव, पत्ता, मोबाइल, आणि कारण या रकान्यात दुकानदाराने माझ्याकडे दोनदा बघून ‘सायकल’ असं लिहिलं. आधारची झेरॉक्स सोबत न्या, नाहीतर माझ्यासारखं झेरॉक्सच्या दुकानात वीज येईपर्यंत बसावं लागतं. अर्धा किलो १४० रुपये.

पुढचा प्रश्न भांड्याचा. ही रिम साधारण पासष्ट सेंटिमीटर रुंद. एवढं प्लास्टिकचं टप भरायचं तर सत्तर-ऐंशी लिटर पाणी, आणि त्या हिशेबाने ॲसिड. त्यापेक्षा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, रिम आडवी ठेवून तिच्या कडेने खूण केली आणि तेवढाच गोल चर खणला, वीतभर रुंद, त्याहून कमी खोल. मधली माती तशीच ठेवली. त्यावर पावसाळ्यात झडीला बांधतात तो निळा ताडपत्रीचा तुकडा दाबून बसवला. पंधरा लिटरमध्ये रिम पूर्ण बुडाली. ताडपत्रीला भोक नाही ना हे आधी साध्या पाण्याने बघून घ्या, आणि चराच्या कडेची तांबडी माती आत पडू देऊ नका. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे थोडाफार गंजच म्हणा. ॲसिड रिम सोडून तिच्यावर खर्च होतं.

बादलीत कोमट पाणी, त्यात पाव किलोहून थोडं जास्त ऑक्झॅलिक विरघळवून ओतलं. पाण्यात पावडर घालायची. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं. ऑक्झॅलिक पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून खळ्यात मुलं, कोंबड्या, कुत्रा यांपैकी कोणी येणार नाही अशी व्यवस्था करून वर जुना पत्रा आणि त्यावर दगड ठेवला. रिम आत घालण्याआधी पितळी तारांच्या ब्रशने सुटे पापुद्रे झाडले आणि भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा घालवला. डिझेलचा हात राहिला तर तिथे ॲसिड लागत नाही. निप्पल पितळेचे, तेही याच पाण्यात चालतात. जस्त चढवलेले स्पोक मात्र घालू नका, जस्त विरघळून जातं. ॲल्युमिनियमही नको.

संध्याकाळी घातलं. रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर पाणी पिवळट हिरवं झालं होतं आणि भोकांच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. सकाळपर्यंत ठिपके गेले, तिथे करडे खड्डे दिसायला लागले. दोन-दोन दिवस ठेवण्याचा मोह आवरा. फार वेळ राहिलं तर लोखंडावर पिवळसर, चिवट थर बसतो, तो काढायला वेगळी मेहनत.

रिम पाण्यातून कधी काढायची याला इथे महत्त्व आहे. ॲसिडमधून निघालेलं उघडं लोखंड दमट हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस व्हायला लागतं. मालवणात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. उन्हं चढली की तो पडतो आणि पश्चिमेचा खारा वारा सुरू होतो. त्या वाऱ्याला जिभेवर चव असते. म्हणून रिम बाहेर काढणं, धुणं, वाळवणं आणि पहिला हात लावणं हे सगळं सकाळी, दहा-साडेदहाच्या आत. दुपारी उन्हात वाळेल म्हणून थांबलं तर ऊन मिळतं, पण त्याबरोबर मीठही मिळतं. मिठाची गोष्ट अशी की हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की ते स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असल्यामुळे ते त्याच्याही आधी. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने हवा रोज हा आकडा ओलांडते. रिम कोरडी दिसते, हाताला कोरडी लागते, आणि तिच्यावर खाऱ्या पाण्याची पातळ फिल्म असतेच.

धुण्याचं पाणीही त्याच हिशेबाने. आमची विहीर मचूळ आहे. भांडी, कपडे, माड, सगळ्याला चालते; रिमला नाही. पहिलं धुणं धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. मग गोड्या पाण्याने दोनदा. प्यायचं पाणी भरून ठेवलेल्या कळशीतलं घेतलं, त्यावर घरून ऐकून घ्यावं लागलं ते लागलं. नंतर सुती कपड्याने पुसून प्रत्येक भोकात हेअर ड्रायर.

चरातलं पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका. मी त्यात चुन्याची निवळी नव्हे, अख्खा चुनाच कालवला. ऑक्झॅलिक चुन्याला धरून खाली बसतं, आणि वरचं पाणी तितकं त्रासदायक राहत नाही. तळाचा गाळ ताडपत्रीसकट वाळवून वेगळा काढला.

यानंतरचं काम सोपं आणि कंटाळवाणं. ज्यात पोळ्या गुंडाळतात त्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून रिमवर घासायचा. क्रोम ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, उरलेली तांबूस छटा मात्र निघते. बोळ्याखाली काळपट राड येते, ती लगेच पुसायची. हबसुद्धा असाच साफ केला, वरचं तेलाचं छोटं झाकण घट्ट लावून. लोखंडी काथ्याने घासू नका. त्याचे बारीक तुकडे खड्ड्यांत अडकतात आणि पहिल्या पावसात तेच गंजतात. पितळी मिळाला तर घ्या.

खड्डे राहतात. ते ॲसिडने भरून येत नाहीत हे गृहीत धरून चला. आठवडाभर रोज सकाळी थोडं थोडं घासून पुढची रिम लांबून नवी आणि जवळून सत्तर वर्षांची दिसायला लागली. मला तेवढं पुरे होतं.

आतली बाजू दिसत नाही, म्हणून तिच्यावर जास्त खर्च करावा. फॉस्फरिक ॲसिडचं गंज-रोधक ब्रशने लावलं, ते काळं पडून सुकलं, त्यावर झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर इनॅमल. स्पोकच्या भोकांच्या आतल्या कडांना बारीक ब्रशने. एकाने काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं. होड्यांना लावतात ते. होड्यांना ठीक आहे. कातडी सोलवटते हो त्याने, आणि हाताळायची मला हिंमत झाली नाही. ट्यूब आणि रिम यांच्यामधली जुनी कापडी पट्टी पुन्हा घातली नाही, ती ओल धरून ठेवते. तिच्या जागी रबरी पट्टी.

मागच्या रिमची गोष्ट मात्र गंजापेक्षा कागदांची. अठ्ठावीस इंची, दीड इंची टायरची, चाळीस भोकांची रिम अजून लुधियानाला बनते. साध्या सायकली आजही तीच वापरतात. पण किरकोळ दुकानात ठेवत नाहीत. कुडाळच्या एका दुकानदाराने दिवाळीच्या मालाबरोबर मागवतो म्हणून ₹३०० आगाऊ घेतले. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मग ट्रान्सपोर्टमधून फोन आला. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर, मूळ बिल्टी त्याच्या दुकानात, दुकान सोमवारी बंद, ट्रान्सपोर्टचं ऑफिस दुपारी दोन ते चार बंद. ओळखपत्र दाखवून, हमालीचे ₹४० देऊन बंडल सोडवलं, तिथेच फोडलं आणि भोकं मोजली. छत्तीस. पत्र्याच्या टपरीत उभं राहून दोनदा मोजली, छत्तीसच.

परत पाठवायची म्हणजे पुन्हा बिल्टी, आणि ‘माल फोडला’ असा शेरा. दुकानदाराशी बोलून शेवटी ठरलं की ती रिम त्यानेच ठेवायची आणि मला बदली मागवायची. ती जानेवारीत आली. तुम्ही मागवणार असाल तर बिलावर आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘४० भोकं, वेस्टवूड, २८ × १½’ हे लिहून घ्या. तोंडी सांगणं ट्रान्सपोर्टच्या गाडीत चढेपर्यंत टिकत नाही.

मधल्या वेळात जुन्या पुढच्या रिमला नवं निकल चढवता येतं का हे बघायला कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन आलो. फोंडा घाटातून एसटी, गोणपाटात गुंडाळलेली रिम मांडीवर. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं आणि रिम मागच्या सीटमागे ठेवायला लावली. प्लेटिंगवाल्याने रिम फिरवून बघितली. जुनं क्रोम आणि निकल आधी उतरवावं लागेल, मग खड्डे जाईपर्यंत बफिंग, म्हणजे रिम तेवढी पातळ होणार. मग निकल, मग क्रोम. बफिंगलाच जास्त पैसे जातात. एका रिमचे अठराशे, आणि एकच नग असल्याने बाकीच्या मालाबरोबर भरणार, तीन आठवडे धरा. ‘समुद्रावर राहता म्हणता, तर गॅरंटी नाही देणार,’ हेही सांगून टाकलं. स्पष्ट बोलला ते आवडलं. रिम तशीच परत आणली. घरातल्या दिवाणखान्यात टांगायची असेल तर करून घ्या. चालवायची असेल तर सत्तर वर्षं टिकलेलं जुनं निकल आणि चार खड्डे हेच बरे असं माझं मत झालं.

नव्या रिमलाही आतून तेच प्रायमर आणि इनॅमल, तेही बसवण्याआधी. नवी आहे म्हणून सोडून देऊ नये. नव्या रिमवरचं निकल जुन्याच्या मानाने बरंच पातळ वाटलं.

स्पोक स्टेनलेसचे घेतले, बारा रुपयांना एक. जस्ताचे निम्म्यात मिळतात, पण किनाऱ्यावर मी ते घेणार नाही. लांबी कागदावरून ठरवू नका, प्रत्येक बाजूचा एकेक जुना न वाकलेला स्पोक आणि हब दुकानात घेऊन जा. स्टर्मी-आर्चरच्या हबची कड मोठी असल्यामुळे मागचे स्पोक साध्या सायकलीच्या स्पोकपेक्षा आखूड लागतात.

चाकं भरायचं काम मिस्त्रींनी केलं. त्याच आठवड्यात आंगणेवाडीची जत्रा होती, निम्मा तालुका रस्त्यावर, त्यांच्याकडे पंक्चरचीच रांग. जत्रा ओसरल्यावर बोलावलं. मी स्टुलावर बसून बघत होतो. प्रत्येक निप्पलच्या आट्यांना ग्रीसचं बोट, मग स्पोक. पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला दहा छर्रे, ग्रीसमध्ये चिमट्याने एकेक मांडलेले. मग चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढायला बसले. खडू रिमजवळ धरायचा, जिथे लागेल तिथे खूण, तिथे पलीकडच्या बाजूचा एक निप्पल पाव फेर घट्ट, खडूच्या बाजूचा पाव फेर सैल. तासभर हेच. पुढच्या रिमला सांध्याशी किंचित उडी राहिली. ती काढायला गेलं तर स्पोक जास्त ताणले जातील म्हणून सोडून दिली. दोन्ही चाकांचे मिळून ₹९०० घेतले. जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

रिमच्या बाहेरच्या अंगाला मोटारीचं मेण लावलं. ब्रेकच्या गोलाईवर नाही. तिथे मेण, तेल, काही लावू नका. क्रोमच्या रिमवर ओल्यात ब्रेक आधीच कमी लागतो. तिथलं रक्षण एकच, सायकल चालवत राहणं. गुटके रिम घासत राहतात आणि ठिपक्यांना वेळ मिळत नाही. नवे गुटके बसवले तेव्हा सुरुवातीला चिरकत होते, नंतर बसले.

मग पावसाळा. जूनपासून दर रविवारी सायकल आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या, मग महिन्यातून एकदा मेण. आधी ओलं फडकं, हे महत्त्वाचं. नुसत्या कोरड्याने मीठ निघत नाही, पसरतं. प्लास्टिकचं कव्हर घातलं नाही, आतून घामेजतं. पडवीऐवजी आतल्या खोलीत, दोन्ही चाकं जमिनीपासून वर, दांड्याला टांगून. पावसातून चालवून आणली की सायकल उलटी करून व्हॉल्वच्या भोकातून पाणी निथळू द्यायचं.

गणपतीपर्यंतचा हिशेब असा. पुढच्या रिमच्या बाहेरच्या अंगाला काही नाही. ब्रेकची गोलाई स्वच्छ. जुलैत दहा-बारा दिवस सायकल उभीच होती तेव्हा तिथे हलकी तांबूस छटा आली, बंदरापर्यंत एक फेरी मारल्यावर गेली. नव्या मागच्या रिमला व्हॉल्वच्या भोकाच्या कडेला ठिपका आला, जिथे भोक पाडताना निकलची कड उघडी पडलेली असते. तिथे ॲल्युमिनियमचा कागद घासून इनॅमलचा थेंब ठेवला. जुन्या रिमच्या दोन खड्ड्यांत गंज परत दिसतोय, मेण लावताना ब्रशने तिथे जास्त भरतो.

खर्च सगळा धरून साडेचार हजारांच्या आसपास. रिम ₹५५०, स्पोक-निप्पल ₹९५०, टायर-ट्यूब ₹१,१००, मिस्त्री, ॲसिड, प्रायमर, मेण, ब्रेकचे गुटके, आणि उरलेलं एसटी, ट्रान्सपोर्ट आणि कुडाळच्या चहाचं. मडगार्डच्या तारा अजून तशाच आहेत. त्यांच्यासाठी उरलेलं ऑक्झॅलिक बरणीत, कुलुपात ठेवलंय; ऑक्टोबरात वारा बदलला की तोच चर पुन्हा खणायचा.